शाळेतली 'हुशारी' कुणाच्या घरी शिकवली जाते?

काजवा (धागाकर्ती)

अभ्यासक्रमात सगळ्या समाजांना जागा हवी अशी चर्चा निघाली की ती हमखास पाठ्यपुस्तकातल्या नावांवर आणि चित्रांवर येऊन थांबते. धड्यात कुणाचं आडनाव आलं, कुठला सण आला, चित्रातली मुलगी काय करताना दाखवली. हे बघायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण या विषयावर वाचताना माझं मत पक्कं होत गेलंय की मुलांमुलांत अंतर पडतं ते बरंचसं वर्गातल्या रोजच्या बोलण्यातून. ते कुठे छापलेलं नसतं, म्हणून त्यावर समितीही बसत नाही.

शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाई कॅरोलायना भागातल्या दोन वस्त्यांमध्ये जवळपास दशकभर जात-येत राहिल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८३ मध्ये आलं. 'ट्रॅक्टन' आणि 'रोडव्हिल' ही वस्त्यांना त्यांनी दिलेली टोपणनावं. दोन्हीकडची माणसं कष्टकरी, कापड गिरण्यांशी जोडलेली. ट्रॅक्टनमधली कृष्णवर्णीय, रोडव्हिलमधली गोरी.

ट्रॅक्टनमध्ये मोठी माणसं लहानग्यांना 'हे काय आहे?', 'याचा रंग कोणता?' असं सहसा विचारत नसत. ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे ते पोराला कशाला विचारायचं? ती विचारत, 'हे कशासारखं दिसतं?', 'तिथे काय झालं?' म्हणजे ज्याचं उत्तर खरोखर हवं आहे ते, किंवा ज्यात मुलाला दोन गोष्टी ताडून बघाव्या लागतील ते. ही मुलं शाळेत आली, बाईंनी चित्र दाखवून 'हे काय आहे?' असं विचारलं, आणि मुलं गप्प. शिक्षकांची तक्रार अशी की यांना साध्यातलं साधं उत्तरही देता येत नाही.

रोडव्हिलची गोष्ट वेगळी. तिथे आया मुलांना मांडीवर घेऊन चित्रातल्या वस्तूंची नावं विचारत, त्यामुळे सुरुवातीच्या इयत्तांत ही मुलं चांगली चालली. पण तिथे गोष्ट म्हणजे घडलेली, खरी. तिच्यात पदरचं काही घालणं म्हणजे खोटं बोलणं. पुढच्या वर्गांत 'तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस?' असे प्रश्न सुरू झाले आणि हीच मुलं अडखळू लागली.

दोन्ही वस्त्यांतली मुलं घरून भरपूर शिकून आली होती. शाळेनं मात्र तिसऱ्याच प्रकारच्या घरातली, गावातल्या सुस्थितीतल्या मध्यमवर्गीय घरातली बोलण्याची रीत ही हुशारीची खूण मानली होती. आणि ती मानली आहे हे शाळेला माहीतही नव्हतं!

हीथबाईंचं मला सर्वांत आवडलेलं काम याच्या पुढचं आहे. त्यांनी शिक्षकांना हे दाखवून दिलं आणि शिक्षकांनी प्रश्न बदलून पाहिले. परिसराचे फोटो दाखवून 'इथे काय चाललंय?', 'हे कशासारखं आहे?' असं विचारलं, तेव्हा ट्रॅक्टनची मुलं बोलायला लागली. ती बोलती झाल्यावर मग शाळेला हवे तसे प्रश्न आणि त्यांची उत्तरंही त्यांना शिकवली. दुसरी पायरी सोडून दिली नाही.

तुमच्या वाचनातलं, अनुभवातलं असं काही असेल तर जरूर लिहा.


पाटीपेन्सिल

काजवा, धागा फार जवळचा वाटला. मी प्राथमिकला शिकवते. वर्गात गप्प बसणारं मूल हा आम्हा शिक्षकांचा मोठा घोळ असतो, कारण 'बोलत नाही म्हणजे येत नाही' हे समीकरण डोक्यात बसलेलं असतं.

सुसान फिलिप्स यांनी ओरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूळनिवासी मुलांच्या वर्गांचा अभ्यास केला होता. सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन प्रश्न विचारला की ही मुलं मान खाली घालत. शिक्षकानं चालवलेल्या वाचनगटातही तेच. पण मुलांनीच चालवलेल्या गटात किंवा शिक्षकाजवळ एकटं असताना छान बोलत. कारण घरच्या शिकण्यात होतं. मोठ्यांचं काम बघायचं, मग एकट्यानं करून पाहायचं, आणि जमतंय असं स्वतःला वाटलं की मग दाखवायचं. अजून न जमलेली गोष्ट चारचौघांत करून दाखवणं आणि चुकणं हे त्यांच्या रीतीत बसतच नव्हतं. शाळेची पद्धत नेमकी उलटी: आधी सगळ्यांसमोर चूक, मग शिक.

हे वाचल्यापासून मी 'सहभाग' या रकान्याकडे फार सावधपणे बघते. मूल्यमापनाच्या तक्त्यात तो रकाना निरुपद्रवी दिसतो. पण त्यात आपण विषयाची समज मोजतो की एका विशिष्ट घरातला धीटपणा मोजतो?


आकडेमोड

गणितातलं एक उदाहरण देतो, कारण गणित तरी संस्कृतीच्या पलीकडचं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं.

ब्राझीलमधलं रेसिफे शहर. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच, वय ९ ते १५. संशोधक आधी गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले. 'एक नारळ ३५ क्रुझेरोला, तर दहाचे किती?' एका मुलानं काय केलं पाहा. तीन नारळांचे १०५. अजून तीन, २१०. अजून तीन, ३१५. उरला एक, म्हणजे ३५०. दहानं गुणायचं तर शून्य द्या ही शाळेची युक्ती त्यानं वापरलीच नाही. तीनाचे १०५ त्याच्या रोजच्या तोंडातले, त्यावरून तो पुढे चढत गेला. आकड्याची फोड करून पुन्हा जोडणं हे पक्कं गणितच आहे.

धंद्याच्या जागी विचारलेल्या प्रश्नांत या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. पाच मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण मुलं तीच, आकडेही तेच, आणि तरी एवढा फरक.

या अभ्यासातला तिसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. तीच गणितं शाब्दिक उदाहरण म्हणून दिली तेव्हा उत्तरं सुमारे ७४ टक्के बरोबर आली. नुसत्या आकड्यांपेक्षा बरीच जास्त, पण बाजारातल्या इतकी नाहीत. म्हणजे पुस्तकातल्या गणितात नारळवाला आणून बसवला की काम झालं असं नाही. मुलाची हिशोबाची रीत वर्गात चालते का, फळ्यावर लिहिली जाते का, हा खरा प्रश्न. काजवा चित्रांबद्दल म्हणतात तेच इथेही लागू पडतं.


उलटतपासणी

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून जरा वेगळं लिहितो. 'मुलांच्या संस्कृतीनुसार शिक्षण' हे शब्द ऐकले की मला भीती वाटते, आणि ती भीती हवेतली नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९५३ साली बांटू शिक्षण कायदा आला. त्यामागची भाषा तपासा. आफ्रिकी मुलांना त्यांच्या समाजाला, त्यांच्या जगण्याला साजेसं शिक्षण हवं, त्यांच्याच मातृभाषेतून हवं! आज आपण इथे जे मागतोय ते सगळं शब्दांपुरतं त्यात होतं. प्रत्यक्षात आफ्रिकी लोकांचा कारभार बघणारे तेव्हाचे मंत्री हेन्ड्रिक फरवुर्ट यांनी उघड सांगितलं होतं की गोऱ्यांच्या समाजात आफ्रिकी माणसाला ठरावीक मजुरीच्या वर जागा नाही, मग त्याला त्यापलीकडचं शिकवायचं कशाला. मिशनऱ्यांच्या ज्या शाळांतून आफ्रिकी नेतृत्व घडलं होतं त्या सरकारी अंमलाखाली आणल्या गेल्या किंवा बंद पडल्या. मातृभाषेचा वापर मुलाला उमलू देण्यासाठी झाला नाही, तर त्याला बाकीच्या जगापासून तोडून ठेवण्यासाठी झाला.

त्यानंतर माध्यमिक शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवायची सक्ती झाली आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी मुलांवर गोळ्या चालवल्या. वर्णभेद गेल्यानंतरही तिथल्या अनेक पालकांना मातृभाषेतल्या शिक्षणाबद्दल संशय वाटत राहिला, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शाळेनं सगळ्यांना सारखंच, उत्तम प्रतीचं ज्ञान द्यावं. घरचं घरी मिळतंच. गरीब घरातल्या मुलाला बीजगणित आणि प्रमाणभाषा शाळेत नाही मिळाली तर ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.


काजवा (धागाकर्ती)

उलटतपासणी, प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. ही बाजू इथे यायलाच हवी होती. तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याआधीच्या 'घरचं घरी' या वाक्याशी मात्र नाही.

लिसा डेलपिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ मध्ये याच पेचावर लिहिलं. त्यांचा रोख पुरोगामी, चांगल्या मनाच्या शिक्षकांवर होता. हे शिक्षक म्हणत, मुलांना व्याकरणाचे नियम कशाला लादायचे, त्यांचा स्वतःचा सूर फुलू द्या. डेलपिट यांचं म्हणणं, सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला सत्तेच्या जागी चालणारी भाषा, अर्ज कसा लिहायचा, अधिकाऱ्याशी कसं बोलायचं हे घरीच कळतं. इतरांना ते उघडपणे, नियम सांगून शिकवलं नाही तर तुम्ही दार लावून घेताय. मात्र ते शिकवताना त्या नियमांना सत्ता कुठून मिळाली तेही सांगा आणि मुलाची घरची भाषा हीन ठरवू नका.

मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे १९७९ मध्ये एका न्यायालयानं असाच निकाल दिला होता. प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवताना कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या इंग्रजीची शिक्षकांनी दखल घेतलीच पाहिजे, आणि ती कशी घ्यायची याची माहिती शाळा-प्रशासनानं शिक्षकांना दिली पाहिजे. प्रमाणभाषा टाळा असं न्यायालय म्हणालं नाही. तिथपर्यंत जायचा रस्ता मुलाच्या भाषेतून जातो एवढंच.

म्हणजे तुमचं बीजगणित हवंच. रेसिफेच्या मुलाला तिथे पोचवायचं तर त्याच्या ३१५ अधिक ३५ पासून सुरुवात करा, 'तुझी पद्धत चुकीची' इथून नको.


जुनी वही

या संदर्भात जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन पुन्हा वाचण्यासारखं आहे. आपण शाळेत त्याचा उल्लेख 'प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा' एवढ्या ओळीत संपवतो. पण त्यात अभ्यासक्रमाची मांडणी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, जुजबी इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीतीचे काही धडे. शाळेला जोडून लहानसं नमुन्याचं शेत असावं असंही त्यांनी सुचवलं.

शेतकऱ्याच्या मुलाला शेती शिकवा म्हणजे त्याला शेतातच ठेवा, असा अर्थ कुणी काढेल. पण यादी नीट पाहा. इतिहास, भूगोल, व्याकरण काहीच काढलेलं नाही. आणि त्याच निवेदनात ते म्हणतात की प्राथमिक शाळांचे शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, ते मुलांत मिसळतील, नांगर धरायला लाजणार नाहीत. काय शिकवायचं आणि कोण शिकवणार हे प्रश्न फुल्यांनी वेगळे केले नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजही अभ्यासक्रमाचे आराखडे पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसऱ्याला बगल देतात.

अमेरिकेतही हा वाद झालाय. कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीतल्या आपल्या संस्थेत हस्तकौशल्याच्या शिक्षणावर आणि धंदेशिक्षणावर भर दिला. कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांनी १९०३ मध्ये त्यावर कडाडून टीका केली, कारण उच्च शिक्षणावर पाणी सोडून मिळणारी कौशल्यं समाजाला कायम खालच्या पायरीवर ठेवतील. १९३५ मध्ये मात्र डू बॉईसच लिहितात की कृष्णवर्णीय मुलाला ना वेगळी शाळा हवी ना एकत्र, त्याला हवं आहे शिक्षण. ज्या एकत्र शाळेत शिक्षकांना तो नकोसा आहे आणि जिथे त्याच्या समाजाबद्दल खरं शिकवलं जात नाही, ती शाळा वाईटच. पुढे गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालानंतर दक्षिणेतल्या शाळा एकत्र होत गेल्या तेव्हा हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं एकत्र आली, पण त्यांना ओळखणारे शिक्षक वर्गाबाहेर गेले.


मौनरंग

शिक्षक वर्गाबाहेर जाण्याचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. समाज म्हटलं की वंश, जात, भाषा एवढंच डोळ्यापुढे येतं. कर्णबधिर मुलांचाही विचार व्हावा.

१८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली आणि वर्गात खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी बोलणंच श्रेष्ठ असा ठराव झाला. मतदान करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांतल्या शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांची पदंही. मुलांच्या शाळेतल्या वर्षांचा मोठा भाग ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात गेला. इतिहास, विज्ञान, गणित मागे राहिलं. हात पाठीमागे बांधून बसवलेल्या मुलांच्या आठवणी अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत.

स्वीडननं १९८१ मध्ये सांकेतिक भाषेला कर्णबधिरांची भाषा म्हणून मान्यता दिली आणि तिथल्या शाळा द्विभाषिक होत गेल्या. मिलानचे ठराव त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेनं औपचारिकपणे नाकारले ते २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. १३० वर्षं लागली. हे लिहिताना आजही राग येतो.


पाटीपेन्सिल

मौनरंग, वाचून सुन्न झाले. याबद्दल स्वतंत्र धागा काढा, नक्की वाचेन.

एक छोटी भर. शिक्षक त्याच समाजाचा असला की सगळं सुटतं असंही नाही. रे रिस्ट यांनी सेंट लुईसमधल्या एका शाळेचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. मुलं कृष्णवर्णीय, बाईही कृष्णवर्णीय. बालवर्गाच्या आठव्या दिवशीच बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवलं. कुठलीही चाचणी झालेली नव्हती. नीटनेटके कपडे, प्रमाण बोलणं, घरची परिस्थिती यावरून पहिलं टेबल ठरलं आणि बाईंचं शिकवणंही बहुतेक त्याच टेबलाकडे वळलं. दुसरी इयत्ता आली तरी मुलांची उतरंड साधारण तीच होती, फक्त आता ती वाचनातल्या गुणांच्या आधारानं उभी होती. बाई दुष्ट नव्हत्या. यशस्वी मूल कसं दिसतं याचं एक चित्र त्यांच्याही मनात होतं आणि ते आर्थिक-सामाजिक वर्गाचं होतं, वंशाचं नव्हे.


उलटतपासणी

जुनी वही यांचा प्रतिसाद पटला. मग प्रश्न असा उरतो की फुल्यांची मागणी आणि फरवुर्ट यांचं धोरण यांत फरक करायचा कशावरून? दोघंही 'त्या समाजासाठी वेगळं' असंच म्हणताहेत.


दर्यावर्दी

न्यूझीलंडकडे बघून उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

तिथे १८६७ च्या कायद्यानं मूळनिवासी माओरी मुलांसाठी इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा आल्या. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेल्या पिढ्या तिथे आहेत. १९७० च्या दशकापर्यंत भाषा अस्खलित बोलणारी मुलं फार थोडी उरली होती. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटा इथे पहिलं 'कोहांगा रेओ' (भाषेचं घरटं, म्हणजे माओरी बालवाडी) सुरू झालं. आजी-आजोबांच्या पिढीनं चिमुकल्यांशी दिवसभर फक्त माओरीत बोलायचं. काही वर्षांत अशी शेकडो केंद्रं झाली. मग ही मुलं नेहमीच्या शाळेत गेली की भाषा विसरणार हे दिसल्यावर पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडमध्ये स्वतःची माओरी माध्यमाची शाळा काढली, सरकारी मदतीशिवाय. कायद्याची मान्यता १९८९ मध्ये आली. आज माओरी माध्यमासाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे आणि तो इंग्रजी अभ्यासक्रमाचा अनुवाद नाही.

यात दोन गोष्टी बघा. मागणी खालून आली, निर्णय पालकांचा आणि त्या समाजातल्या जाणत्यांचा होता. आणि ही मुलं माध्यमिकला देशाची जी प्रमाणपत्र परीक्षा इतर मुलं देतात तीच देतात, विद्यापीठाचा रस्ता खुला आहे. बांटू शिक्षणात दोन्ही नव्हतं. ठरवणारे वेगळे, भोगणारे वेगळे, आणि वरच्या वाटा मुद्दाम बंद केलेल्या. फुल्यांच्या निवेदनाला हीच कसोटी लावा. तिथे बोलणारा माणूस त्याच समाजाच्या बाजूनं उभा आहे आणि पुढचं कुठलंच दार तो लावत नाही.

अजून एक. २०२३ पासून न्यूझीलंडमध्ये देशाचा इतिहास शिकवणं शाळांना बंधनकारक झालं, ज्यात वसाहतीकरणाचा आणि माओरींचा इतिहास आहे. तो सगळ्या मुलांना आहे, माओरी नसलेल्यांनाही. बहुसंख्याकांच्या मुलांना दुसऱ्याचं काही शिकवायचंच नाही आणि वेगळेपणाचं ओझं फक्त अल्पसंख्याकांच्या मुलांवर टाकायचं, असा अभ्यासक्रम मला अर्धाच वाटतो.


उलटतपासणी

दर्यावर्दी, कसोटी मान्य. 'कुणी ठरवलं' आणि 'पुढची वाट उघडी आहे का' हे दोन्ही प्रश्न मी माझ्या नोंदवहीत लिहून ठेवतोय.


शिकाऊ

मी डी.एल.एड. (शिक्षक पदविका) करते आहे. सगळे प्रतिसाद वाचले. अडचण अशी की एकाच वर्गात पाच-सहा प्रकारच्या घरांतली मुलं असतील तर शिक्षकानं काय करायचं? प्रत्येक समाजाची 'शिकण्याची शैली' पाठ करायची का?


काजवा (धागाकर्ती)

शिकाऊ, नाही, तसं कृपा करून करू नका. हवाईतला अनुभव बघा. तिथे १९७० च्या दशकात कामेहामेहा या शिक्षणसंस्थेच्या प्रकल्पात असं लक्षात आलं की हवाईयन मुलं घरी गोष्ट सांगताना एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळतात. वाचनाच्या तासाला 'एकेकानं बोला' हा नियम सैल केला, चार-पाच जणांचे मुलामुलींचे एकत्र गट केले, आणि वाचन सुधारलं. हीच पद्धत ॲरिझोनातल्या रफ रॉक इथे नावाहो या मूळनिवासी समाजातल्या मुलांसाठी नेली तर तिथे ती तशी चालेना. त्या मुलांना दोघा-तिघांचे, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे गट बरे वाटत. आणि चर्चा करण्याआधी गोष्ट पूर्ण ऐकायची असे. 'मूळनिवासी मुलांची शैली' असं लेबल लावून पुस्तिका छापली असती तर दोघांपैकी एकावर अन्यायच झाला असता.

मग शिक्षकानं करायचं काय? ॲरिझोनातल्याच टूसॉनमध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं (लेख १९९२ चा आहे) ते मला सर्वांत व्यवहार्य वाटतं. शिक्षकच काही विद्यार्थ्यांच्या घरी गेले, पण मुलाची तक्रार करायला किंवा पालकांना सल्ला द्यायला नव्हे. घरातली माणसं कोणकोणती कामं करतात, ती कुणाकडून शिकली, घरात मुलाच्या अंगावर कोणती जबाबदारी आहे, हे शिकून घ्यायला गेले. बांधकाम, शेती, दुरुस्ती, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा व्यापार असं बरंच काही त्या मेक्सिकन घरांत होतं. एक मुलगा मेक्सिकोतून आणलेल्या खाऊच्या गोळ्या शेजारीपाजारी विकतो असं एका बाईंना कळलं, आणि त्यातून वर्गात एक पूर्ण पाठ उभा राहिला, घटक पदार्थांची तुलना, उत्पादन, गणित, सगळं. एका आईनं वर्गात येऊन मिठाई करून दाखवली.

सगळ्यांच्या घरी जाणं तुम्हाला जमणार नाही. दोन-तीन घरांपासून सुरुवात करा, आणि शक्यतो ज्या मुलाबद्दल तुमचं मत आधीच वाईट झालंय त्याच्या घरापासून. जाताना वही उघडी ठेवून प्रश्नावली भरू नका, लोक आखडतात. 'हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?' एवढा एकच प्रश्न घेऊन गेलात तरी तासभर बोलणं होतं.